पन्नास ट्रे हळद

वसमत, जि. हिंगोली
चैत्र वद्य एकादशी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पाडव्याच्या सुमारास मिळाले, पण हळदीची शिजवणी आणि पॉलिश उरकेपर्यंत उत्तर लिहायला सवड झाली नाही. त्याच धांदलीत यंदा आम्ही लागवडीचा एक नवा प्रयोग हाती घेतला आहे आणि तो तुला सविस्तर सांगावा, म्हणून आज मुद्दाम बसलो आहे.

एक एकर हळद लावायला आमच्याकडे सुमारे १० क्विंटल जेठे गड्डे, म्हणजे हळदीचे मुख्य मातृकंद, लागतात. बेणे घरचे असले, तरी तेवढा माल विक्रीतून बाजूला काढावा लागतो आणि दुसऱ्याकडून घेतले, तर गड्ड्यासोबत कंदकूजही आपल्या रानात येण्याची धास्ती असते. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने यावर जी पद्धत बसवली आहे, तिच्यात अख्खा गड्डा न लावता एकेका डोळ्याचा, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेचा, पाच ते सात ग्रॅमचा तुकडा कापून तो ट्रेमध्ये वाढवतात आणि ३० ते ४० दिवसांचे रोप शेतात लावतात. मी हिशेब मांडला: दहा गुंठ्यांत पाच फुटी गादीवाफ्यावर, म्हणजे सपाट माथ्याच्या उंच वाफ्यावर, दोन ओळी आणि दोन रोपांत एक फूट अंतर धरले, तर सुमारे ४,३५० रोपे लागतात. म्हणजे जिथे अडीच क्विंटल बेणे जायचे, तिथे तूटफूट धरूनही तीस किलोंत काम भागते. हा आकडा मी तीनदा तपासला, तेव्हा कुठे अण्णांसमोर बोलायचे धाडस झाले.

अण्णांचा विरोध हटवादीपणाचा नव्हता, हे मला आवर्जून लिहायचे आहे. ते म्हणाले, “जेठा गड्डा म्हणजे रोपाची शिदोरी. वैशाखात कालव्याचे पाणी आठ दिवस लांबले, तरी तो कोंबाला जगवतो. तुझा सुपारीएवढा तुकडा काय जगवणार?” त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून रोपांची लागवड विहिरीजवळच्या, ठिबक असलेल्या दहा गुंठ्यांतच करायची आणि उरलेल्या दोन एकरांत जेठे गड्डेच लावायचे, असे ठरले. गादीवाफे मात्र सगळीकडे पाडले आहेत, कारण आमच्या काळ्या रानात अडीच फुटी सरीत श्रावणातले पाणी तुंबते आणि कंदकूज तिथूनच सुरू होते; याबाबतीत अण्णांचे आणि माझे पहिल्यापासून एकमत आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळे घर कापणीला बसले. आई गड्डा हातात फिरवायची, डोळ्यावरचे वाळके साल अंगठ्याच्या नखाने अलगद सारायची आणि खालचा टिपका टणक व फिकट पिवळा दिसला, तरच तो गड्डा माझ्या पत्नीकडे सरकवायची. दुपारपर्यंत सगळ्यांचे तळवे केशरी झाले होते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा तीन भाग, गांडूळखत एक भाग आणि त्यात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, असे मिश्रण भरून ९८ कप्प्यांचे पन्नास ट्रे शेडनेटखाली मांडले.

चूक माझ्याकडून झाली. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात सहा ट्रे मी कापल्याबरोबर लगेच भरले. तुकडे बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास ठेवून सावलीत सुकवायचे, ते केले नाही. बाराव्या दिवशी उकरून पाहिले, तर त्यातले निम्म्याहून अधिक तुकडे बोटाने दाबताच लिबलिबीत लागले. ते सहाही ट्रे रिकामे करून नव्याने भरावे लागले आणि ती रोपे आता तितकीच मागे आहेत. मला फार वाईट वाटले, पण अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे झारी घेऊन तेच ट्रेंना पाणी घालताना दिसले आणि तेव्हापासून ते काम त्यांनी कोणाला करू दिलेले नाही. उन्हाचा कडाका वाढल्यापासून ते दिवसातून तीन वेळा पाणी देतात.

आज पंचविसावा दिवस आहे. बहुतेक कप्प्यांत कोंब वर आला असून काहींचे पहिले पान सुरळीतून उलगडू लागले आहे. एक रोप मुळासकट उपसून पाहिले, तेव्हा पांढऱ्या मुळ्यांनी कोकोपीट घट्ट धरून ठेवले होते. उत्पादन बरोबरीने येते की कमी पडते, हे पुढल्या माघ-फाल्गुनात काढणी झाल्यावरच कळेल. म्हणून दहा गुंठ्यांचा माल वेगळा काढून वेगळा तोलायचे मी आताच ठरवले आहे.

लावणीचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा आहे. तुमच्या कोरेगावकडे आल्याच्या बेण्यावर किती पैसा जातो, हे तू मागच्या पत्रात लिहिलेच होतेस आणि ही पद्धत आल्यालाही लागू पडते. तेव्हा दोन दिवस काढून नक्की ये आणि येताना तुमच्या रानातले किलोभर निरोगी आले बरोबर आण. तुझ्यासाठी दोन ट्रे धुऊन, उन्हात वाळवून बाजूला ठेवले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र