लॉगबुकं देखणी, चौकट मात्र सुटते

संपादक महोदय,

शाळा उघडल्या की स्काऊट-गाईड पथकांच्या नोंदणीची लगबग सुरू होते. मुलांची यादी, शुल्क, स्काऊटमास्तरांची किंवा गाईड कॅप्टनची सही. कागद जिल्हा कार्यालयात गेला की पथक दिसते ते थेट पंधरा ऑगस्टच्या संचलनात. मधल्या शनिवारी काय व्हायला हवे, याबद्दल शालेय पथकांना मदत करणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांचे म्हणणे मांडत आहोत.

स्काऊट-गाईड प्रशिक्षणाच्या पायऱ्यांना सोपान म्हणतात. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपानाची किमान मुदत अनुक्रमे ३, ६, ९ आणि ९ महिने आहे. म्हणजे राज्यपुरस्कार या पुढच्या पायरीच्या उंबरठ्यावर यायला सव्वादोन वर्षे. हा वेळ हाताला सवय लागावी म्हणून दिलेला आहे, पण बऱ्याच शाळांत सोपान वहीतच चढले जातात. दहावीच्या वाढीव गुणांची आशा असल्याने पालकही लॉगबुकाकडेच, म्हणजे या नोंदवहीकडेच पाहतात. कव्हरला जिलेटीन पेपर, आत छापील चित्रे, ताईच्या सुवाच्य अक्षरातली माहिती. परीक्षक तरी काय करणार? तीन दिवसांच्या चाचणी शिबिरात २०० मुले आणि ८ परीक्षक असतील, तर एकेकाच्या वाट्याला २५ मुले येतात. गाठी, बांधणी (दोरीने काठ्या एकमेकींना जोडणे), प्रथमोपचार, नकाशा हे सगळे पाहायला एका मुलामागे २० मिनिटे धरली तरी ५०० मिनिटे झाली, म्हणजे आठ तासांहून जास्त. ध्वजवंदन, जेवणे, शेकोटी यांतून तेवढा सलग वेळ निघत नाही. मग वही चाळायची आणि सही करायची.

म्हणून पहिली मागणी अशी की चाचणी शिबिरात एकेका मुलाची नाही, आधी संघाची, म्हणजे पथकातल्या छोट्या गटाची परीक्षा घ्या. आठ मुले, आठ काठ्या, तीन-तीन मीटरच्या बारा दोऱ्या आणि दीड तास. हात धुण्याची तिवई आणि भांड्यांची मांडणी उभी करून दाखवा. तिवईला वर तीन काठ्यांची एक बांधणी आणि मध्ये तीन आडव्या काटक्या लागतात. एका काटकीचे टोक दुसरीवर ठेवून दोन्ही एकाच दोरीत घेतली, तर चार दोऱ्यांत काम होते. वर पाण्याने भरलेले घमेले ठेवा. सुटायचे ते तिथेच सुटते, आणि कुणाला येते, कुणाला येत नाही हे परीक्षकाला न विचारता कळते. एकट्याची तपासणी ज्याच्याबद्दल शंका असेल त्याचीच करावी.

बांधणी सुटण्याची कारणे ठरलेली आहेत. चौरस बांधणीत उभ्या काठीवर, आडवी काठी बसणार त्याच्या लगेच खाली क्लोव्ह हिच ही गाठ घ्यायची, दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे द्यायचे, मग काठ्यांच्या मधून दोन वेढ्यांनी आवळायचे आणि आडव्या काठीवर क्लोव्ह हिचनेच संपवायचे. मुले वेढे छान देतात, पण आवळायचे वेढे काठ्यांच्या मधून न घेता परत काठीवरूनच फिरवतात. दिसायला बांधणी भरगच्च, हलवली की डुगडुगते. दुसरे म्हणजे, ताण प्रत्येक वेढ्याला द्यायचा असतो. शेवटी एकदाच जोर लावून आतले सैल वेढे घट्ट होत नाहीत. तिसरा दोष मुलांचा नाही. शाळा नायलॉनची दोरी घेते, कारण ती स्वस्त आणि दिसायला चकचकीत. ती गुळगुळीत असते, ताणते आणि क्लोव्ह हिच हळूहळू सरकते. सहा मिलिमीटरची सुती दोरी घ्यावी, टोके दोऱ्याने गुंडाळून बांधावीत. पावसाळ्यानंतर ती उन्हात वाळवली नाही तर कुजते, तेव्हा हे काम एका संघाकडे सोपवावे.

संघावरून आठवले. १९०७ साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे चार गट पाडले होते. आपल्याकडे मात्र पूर्ण पथक एका शिट्टीवर रांगेत उभे राहते आणि संघनायकाचे काम हजेरी सांगण्यापुरते उरते. आठवड्याला एकच तास मिळत असेल तर त्याला दुसरे काय करता येणार? दोन तास जोडून द्या. त्यातला निम्मा वेळ संघ वेगवेगळे बसतील, संघनायक शिकवेल आणि मोठी माणसे लांबून पाहतील. संघनायकाला मात्र आदल्या दिवशी अर्धा तास वेगळे शिकवावे लागते. तेवढे टाळले की पुढचे सगळे फसते.

‘खरी कमाई’बद्दलही, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमाबद्दलही बोलायला हवे, कारण तिथे फसवणूक गोड चेहऱ्याने होते. आनंद मेळाव्यात आई भेळेचे सगळे सामान भरून देते, बाबा टेबल लावतात, मूल गल्ल्यावर बसते. जमा ६०० रुपये, खर्च शून्य, कमाई ६०० रुपये असे वहीत येते. चुरमुरे, शेव, कांदा, चिंच, कोळसा फुकट आला होता काय? पथकाच्या निधीतून प्रत्येक संघाला २०० रुपये उसने द्यावेत, घरून काही आणू देऊ नये, खरेदी मुलांनी करावी आणि पावत्या वहीत चिकटवाव्यात. उसने पैसे परत केल्यावर उरेल ती कमाई. चाळीस रुपये उरले तर चाळीस लिहा. सायकली धुणे, पुस्तकांना कव्हर घालणे, बागेतले तण काढणे ही बिनभांडवली कामे तर त्याहून बरी.

प्रथमोपचाराचे जुने तक्ते आता भिंतीवरून उतरवावेत. साप चावल्यावर वर घट्ट आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे हे शिकवणे धोक्याचे आहे. रुग्णाला झोपवून अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवायचा, अंगठी आणि बांगड्या काढायच्या, १०८ ला फोन करायचा. हृदय बंद पडल्यास (सीपीआर) छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात सुमारे पाच सेंटिमीटर खोल द्यायचे. हे सरावाच्या बाहुलीवर करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येक तालुक्याला फिरवायला एक बाहुली मिळाली तरी पुरे.

गणवेशाचा खर्च लगेच कमी करता येईल. दीक्षाविधीआधी, म्हणजे मूल वचन घेऊन रीतसर पथकात येण्याआधी गणवेश नको, ही तर मूळचीच पद्धत आहे. उंची वाढून लहान झालेले शर्ट आणि पँट शाळेने कपाटात जमवून पुढच्या मुलांना द्यावेत.

शेवटचा मुद्दा मोठ्या माणसांचा. सात दिवसांचा बेसिक कोर्स झालेल्या शिक्षकाची बदली झाली की पथक बंद पडते. प्रत्येक पथकाला दोन प्रशिक्षित व्यक्ती असाव्यात आणि त्यातली एक शाळेबाहेरची चालावी: माजी रोव्हर किंवा रेंजर (स्काऊट-गाईडच्या पुढच्या वयोगटातले तरुण-तरुणी), पालक. अर्थात पोलीस पडताळणीशिवाय कुणालाही घेऊ नये, कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकट्याने राहू नये आणि मुलींच्या शिबिरात रात्री किमान दोन महिला असाव्यात, हे लेखी असले पाहिजे. बेसिक कोर्स दिवाळीच्या सुट्टीत न ठेवता मे महिन्यात ठेवला, तर जूनमध्ये पथक सुरू करताना प्रशिक्षित माणूस हाताशी असेल.

आपले,
शालेय स्काऊट-गाईड पथकांसोबत काम करणारे काही स्वयंसेवक