शेणखताचं जीएसटी बिल कुठे मिळतं? परसबाग अनुदानाबाबत मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

आम्ही खानदेशातल्या काही जिल्हा परिषद शाळांच्या परसबागा सांभाळणारी माणसं. बचत गटातल्या बाया, निवृत्त गुरुजी, शाळेचे माजी विद्यार्थी. पगार नाही, मानधन नाही आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती. परसबाग स्पर्धेच्या बक्षीस समारंभात आपण शब्द दिला होता की पुढच्या अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत अनुदान शाळेच्या खात्यात पडेल. टाळ्या आम्हीच जास्त वाजवल्या.

शब्द आपण पाळला, खोटं का बोलावं? २७ मार्चला खर्चाची मर्यादा, म्हणजे किती रक्कम काढता येईल तो आकडा, खात्यात दिसली. ३१ मार्चच्या रात्री ती परत गेली. म्हणजे अखाजीच्या आत आली आणि अखाजीच्या आतच गेलीसुद्धा. मग जूनमध्ये पत्र आलं: 'निधी अखर्चित राहिल्याबाबत सात दिवसांत खुलासा सादर करावा.' सोबत हिरव्यागार बागेचे जीपीएस फोटोही मागितले होते. तो खुलासा आता उघड्यावरच देतो आहोत. बंद लिफाफ्यातले तीन खुलासे टेबलांखाली कुठे गेले ते आम्हाला कळलं नाही.

मार्च अखेरीला खानदेशात भाजीपाला लावा, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी मे महिन्यात भुसावळ स्टेशनावर दुपारी दोन वाजता एकदा उतरून पाहावं. पारा ४४-४५ च्या घरात. पालक तर त्याआधीच फुलावर जातो, मेथी नीट उगवत नाही, टोमॅटोची फुलं गळतात. त्यात शाळेला सुट्टी. एक गुंठा परसबाग धरा, म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. वाट, कडा आणि गाळे सोडले तर प्रत्यक्ष लागवड निम्म्यात. मे महिन्यात या ५० चौरस मीटरला रोज सहा मिलिमीटर पाणी धरलं तरी ३०० लीटर होतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लीटर, हा हिशेब पाचवीच्या पोराला येतो. तेव्हा गावात टँकर चालू असतो. त्या ३०० लीटरसाठी बाईने हंडा घेऊन शाळेत जावं, की घरी? आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकच प्रश्न विचारतात, "पानी कोठे शे?" आपल्या परिपत्रकाच्या सहा पानांत हा प्रश्न एकदाही आलेला नाही.

इथे उन्हाळ्यात बाग लावायची नसते, ती बंद करायची असते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची वांगी तोडून घ्यायची, झाडं उपटायची, वाफे कुदळून सपाट करायचे, पाणी देऊन भिजवायचे आणि लगेच वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या. काळं प्लॅस्टिक चालत नाही, ते स्वतः तापतं आणि माती त्या मानाने कमी तापते. पारदर्शकच हवं, २५ ते ५० मायक्रॉनचं. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्यायचं. वरच्या थरातलं तणाचं बी शिजतं, सूत्रकृमी आणि बुरश्या बऱ्याच कमी होतात. ज्या उन्हाला आपण सगळे शिव्या घालतो, ते इथे फुकटात कामाला येतं. ५० चौरस मीटरला कडांसकट साडेतीन-चार किलो प्लॅस्टिक लागतं, सात-आठशे रुपयांत भागतं. पण मंजूर बाबींच्या यादीत प्लॅस्टिक नाही. बियाणं आहे, अवजारं आहेत आणि फलक आहे.

फलकाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. चार बाय तीन फूट, लोखंडी चौकट, योजनेचं नाव, आपला फोटो. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा त्यातच जातो. आमच्याकडे एका ठिकाणी त्याच फलकाचा आडोसा करून वांग्याची रोपं वाचवली, तेव्हा तो अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एका परसबागेला सरासरी ५,००० रुपये धरलेले आहेत. आता एक गुंठ्याचं कुंपण मोजू. चारी बाजू मिळून ४० मीटर, म्हणजे १३० फूट. आठ फुटांवर एक खांब धरला तर सोळा-सतरा खांब. सिमेंटचा साधा खांब तीनशेच्या खाली मिळत नाही. खांबांतच पाच हजार संपले, जाळी अजून दुकानातच आहे. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण करा, असा सल्ला एका साहेबांनी दिला. केलं होतं. पहिल्या पावसाळ्यात वाळवीने खालून खाल्लं आणि पोळ्यापर्यंत बकऱ्या आत होत्या. शिवाय त्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते, त्या उन्हाळाभर रचून ठेवू नका असं कृषी खातं सांगतं. दोन खाती, दोन सल्ले, बकरी एकच.

कुंपण नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. बकरी एका दुपारी तीन महिने खाऊन जाते. सागरगोटा किंवा करवंदाचं जिवंत कुंपण चांगलं, पण ते दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर त्या कुंपणालाच कुंपण लागतं. अनुदान मात्र एका वर्षाचं.

आता ठिबकचं ऐका. ज्या जळगावने देशाला ठिबक शिकवलं, तिथल्या शाळांना ठिबकचे संच कसे आले? ठेकेदाराने सगळीकडे एकच संच दिला: २०० लीटरची टाकी, विटांचा मीटरभर उंच ओटा, १६ मिलिमीटरची लॅटरल (ओळीतून जाणारी नळी) आणि प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे. महाग माल, शेतात उत्तम. पण पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे सुमारे एक बार दाब. मीटरभर ओट्यावरून मिळतो ०.१ बार. त्या ड्रीपरच्या पोटातली रबरी चकती नीट काम करायला याच्या कितीतरी पट दाब मागते. चाळीस ड्रीपरपैकी एकतीस कोरडे, उरलेले थेंब गाळून चिखल करणारे. तांत्रिक तपासणी झाल्याचा शिक्का संचावर आहे.

तिथे साधा, तासाला चार लीटरचा ड्रीपर लावला असता तरी चाललं असतं. तेवढ्या दाबाला तो तासाला सव्वा लीटर देतो. चाळीस ड्रीपरचे तासाला पन्नास लीटर, म्हणजे भरलेली टाकी चार-पाच तास पुरते. हिवाळ्यात एवढं पुष्कळ झालं. त्याहून स्वस्त म्हणजे मायक्रोट्यूब, नुसती बारीक नळी: तुंबली की पोरगं तोंडाने फुंकून मोकळी करतं. तुंबणार हे धरूनच चालायचं, बोअरचं पाणी जड आहे. ड्रीपरच्या तोंडाशी नखाएवढा पांढरा कडक थर बसतो, पोपडा काढला तर आत पुन्हा तसाच. लिंबू-सत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवले की सुटतो. टाकी पांढरी असेल तर काळ्या रंगाने रंगवून घ्यावी, नाहीतर आत शेवाळ होऊन गाळणी आठवड्यात बंद पडते. हे सगळं चाळीस रुपयांचं ज्ञान आहे, निविदेत बसत नाही म्हणून कुणाला नको असतं.

पाण्याचं म्हणाल तर शाळेतच पाणी आहे. शंभर मुलं जेवणाआधी आणि नंतर हात धुतात, ताटं धुतात. माणशी दोन-अडीच लीटर धरलं तरी दोनशे-अडीचशे लीटर रोज गटारात जातं. मोरीतून एक पाइप, पुढे खडी आणि जाड वाळूचा खड्डा, अन्न अडवायला वर जाळी, आणि तिथून चर. चरावर केळी आणि अळू. बाकी पालेभाजीला हे पाणी देऊ नये, कच्ची खायची तर मुळीच नाही. जाळी रोज झटकावी लागते, नाहीतर दोन दिवसांत भात कुजून वास सुटतो आणि मुख्याध्यापक सगळंच बंद करतात. या कामाला दीड हजार लागतात. यादीत नाही.

आता मुख्य गुन्हा. आम्ही शेणखत घेतलं, स्वतःच्या पैशातून, मे महिन्यात. गुंठ्याला दोनशे ते अडीचशे किलो पुरतं, पण विकणारा ट्रॉलीच देतो. मेमध्येच का? मृगाआधी शेतकरी उकिरडे उपसतो, तेव्हाच ते मिळतं. एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, शाळेच्या आवारात ट्रॉली येतच नाही. खत जुनं, भुसभुशीत, वास गेलेलं बघूनच घ्यावं. ताजं शेण टाकलं तर हुमणी येते आणि ऑगस्टमध्ये उभी रोपं माना टाकतात, उपटली तर मुळं गायब. हे पैसे परत मागितले तेव्हा कार्यालयाने जीएसटी बिल मागितलं. सुट्या शेणखताला जीएसटी नाही, शेतकऱ्याला नोंदणीची गरज नाही. ट्रॉलीवाल्याने बोटाला शाई लावून पावती दिली, ती 'अमान्य' शेरा मारून परत आली. म्हशीचा नोंदणी क्रमांक मागितला नाही, एवढंच नशीब.

आणि कष्टाचा हिशेब? मजुरी अनुज्ञेय नाही, कारण स्वयंसेवक आहेत. स्वयंसेवकांना चहा अनुज्ञेय नाही, कारण तो खर्च योजनेचा नाही. सुट्टीत शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू जगवायला प्रत्येक झाडाशी पाच लीटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, तोंडावर झाकण आहे, तीन-चार दिवसांनी भरावं लागतं. कुणी भरायचं? ज्यांच्या पाठी दुखतात त्यांनीच भरलं. पण अहवालात 'लोकसहभाग' या रकान्यात फक्त 'होय' किंवा 'नाही' लिहायची सोय आहे.

बागेतून पोषण आहाराची भाजी 'स्वयंपूर्ण' झाल्याचे अहवालही आपल्याकडे येत असतील. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी हा निकष आहे, शंभर मुलांना पाच किलो. ५० चौरस मीटरमधून हंगामात शंभर किलो निघाली तर आम्ही पेढे वाटतो. ती वीस दिवस पुरते. बाकीचे दिवस बाजार. पण पोकळा, गिलकी, अंबाडी स्वतः तोडलेलं पोर ताटात टाकून देत नाही, हे आम्ही रोज बघतो. तेवढ्यासाठी बाग हवी. स्वयंपूर्णतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी तराजू घेऊन यावं.

पण आपल्याकडे मोजतात ते फोटो. राज्याच्या वृक्षलागवडीचंच घ्या: २०१६ ला २ कोटी झाडांचं लक्ष्य, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. हे पत्र त्यातल्याच एखाद्या झाडाखाली बसून लिहायचं होतं. शाळेमागे खड्डे सापडले, ओळीत, छान अंतरावर. रोप लावताना माणसं दहा, फोटो काढणारे चार, आणि मे महिन्यात पाणी घालायला कुणी नाही. जनगणना, मतदार याद्या आणि सर्वेक्षणं करून उरलेल्या वेळात गुरुजींनी शिकवायचं आणि त्यातून उरलेल्या वेळात भेंडी लावायची. सगळीच योजना मार्चमध्ये उगवते आणि मार्चमध्येच करपते. रस्ता घ्या, पाइपलाइन घ्या, नाहीतर वाचनालय. आमची बाग त्या मानाने लहान.

मागण्या लहानच आहेत. पैसे १५ मेपर्यंत द्या आणि पुढच्या मार्चपर्यंत राहू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात, बाबी त्यांना ठरवू द्या. कुंपणाची रक्कम वेगळी आणि एकदाच द्या. बियाण्याचा संच पाठवू नका. मार्चमध्ये फुलकोबीचं पाकीट घेऊन आम्ही काय करायचं? भरताच्या वांग्याचं बी इथल्या घरोघरी आहे. जूनमध्ये गादीवाफ्यावर रोप टाकलं, चार-पाच आठवड्यांनी लावलं की थंडीत भरीत होतं, त्याला परिपत्रक लागत नाही. काळ्या मातीत वाफे जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंच आणि मीटरभरच रुंद ठेवा, एवढं मात्र सगळ्या शाळांना कळवा. सपाट वाफ्यात श्रावणात पाणी तुंबून शेवग्यापासून मिरचीपर्यंत सगळ्यांची मुळं कुजतात.

खुलाशासोबत टाकी, पाइप, कुदळी आणि प्लॅस्टिक यांची बिलं जोडली आहेत. हिरव्या बागेचा जूनमधला फोटो नाही. वाफ्यांवर ताणलेल्या प्लॅस्टिकचा जोडला आहे, त्यावर घामाचे थेंब दिसतात ते मातीचे आहेत. शेणखताचं बिल तेवढं बाकी आहे. म्हैस कुणाची ते आम्हाला माहीत आहे, आपल्या लेखापालांना पाठवा, ओळख करून देऊ.

आपले,
परसबाग सांभाळणारे स्वयंसेवक