ऑपरेशन मॅडम करणार म्हटलं की चेहरे का पडतात?

संपादक महोदय,

पुण्यात खासगी हॉस्पिटलमधे सर्जरी वॉर्डला मी बरीच वर्षं सिस्टर होते, आता रिटायर झालेय. परवा आमच्या सोसायटीत पुन्हा तेच ऐकलं म्हणून हे लिहायला घेतलं. बाळंतपण किंवा पिशवीचं ऑपरेशन असलं की सगळ्यांना लेडी डॉक्टरच हवी, पण पित्ताशय, हर्निया, आतडं असं काही निघालं की लगेच "सर नाहीयेत का?" सुरू. मॅडम कागदावर पित्ताशय काढून दाखवतात, खडा कुठे अडकलाय, दुर्बीण कुठून घालणार सगळं नीट सांगतात, नातेवाईक माना डोलावतात आणि बाहेर येऊन काउंटरला हळूच विचारतात, "मेन ऑपरेशन सरच करतील ना?" पेशंट बाई असली तरी हेच, आणि विचारणाऱ्यांत बायकाही असतात याचं मला फार वाईट वाटतं.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ११ लाखांवर पेशंटचा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला. ऑपरेशननंतर ९० दिवसांत मृत्यू, कॉम्प्लिकेशन किंवा परत ॲडमिट व्हावं लागणं, यातलं काहीतरी पुरुष सर्जनच्या १३.९ टक्के पेशंटच्या बाबतीत झालं, स्त्री सर्जनच्या १२.५ टक्के. पेशंटचं वय, आधीचे आजार वगैरे धरून हिशोब केला तरी फरक उरतोच.

स्वीडनमधे पित्ताशयाच्या ऑपरेशनांचं देशभराचं रजिस्टर आहे. त्यातल्या दीड लाख ऑपरेशनांमधे स्त्री सर्जनना वेळ जास्त लागला पण कॉम्प्लिकेशन्स कमी झाली. आता आपल्याकडे ओटीबाहेर काय चालतं, तर "मॅडमना किती वेळ लागतोय बघा". अहो, पित्ताशय काढताना शेजारीच मुख्य पित्तनलिका असते, सूज असली की कुठली नळी कुठली हे पटकन कळत नाही, आणि घाईत चुकीची कापली गेली तर पुढे पोटात ड्रेन, कावीळ, परत मोठं ऑपरेशन, असे पेशंट मी वॉर्डात सांभाळलेत. जो सर्जन थांबून खात्री करून घेतो त्याला किंवा तिला लागू दे की वीस मिनिटं जास्त.

याचा अर्थ सगळे सर वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. जपानमधे पोटाच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांत स्त्री-पुरुष सर्जनमधे फरक दिसला नाही, तोही स्त्री सर्जनकडे जास्त रिस्कचे पेशंट असताना. पण मग बाई म्हणून नको म्हणायला आधार काय उरला? विचारायचंच असेल तर हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय, त्यात कॉम्प्लिकेशन किती झाली, असं सरांनाही विचारा आणि मॅडमनाही.

हॉस्पिटलवाल्यांनाही विनंती आहे, असे आकडे सर्जनवार मोजा आणि पेशंटने मागितले की दाखवा. आणि केवळ "लेडी नको" एवढ्या कारणावरून काउंटरवरूनच सर्जन बदलून देणं बंद करा, त्यात शिकून तयार झालेल्या मुलींच्या हातची कामं जातात. पुण्यातल्या सर्जन मॅडमनी आणि सरांनीही यावर आपले अनुभव या सदरात लिहावेत.

– एक निवृत्त सिस्टर, कोथरूड, पुणे