यंत्राची तपासणी होते, माणसाची विचारपूस कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत आयसीडीवरचा लेख वाचला. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की आतूनच शॉक देऊन ती जागेवर आणणारे हे यंत्र कसे चालते, ते लेखकाने सोप्या शब्दांत सांगितले आहे. मिशेल मिरोव्स्की यांची हकिगतही दिली आहे. १९६६ मध्ये त्यांचे ज्येष्ठ सहकारी लयबिघाडाने गेले, ते त्यांच्या मनाला लागून राहिले, आणि त्यातून हे यंत्र घडवण्याचा ध्यास लागला. फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवले गेले. हे सगळे वाचून समाधान वाटले, पण ते यंत्र छातीत घेऊन जगणाऱ्या माणसाच्या मनाविषयी लेखात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांना आयसीडी बसवून बरीच वर्षे झाली. त्या यंत्रामुळे ते आज आमच्यात आहेत, आणि याबद्दल आमच्या घरात कुणाच्याही मनात शंका नाही. नियमित तपासणीला आम्ही जातो. बॅटरी किती उरली, लीड म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी तार नीट आहे का, मधल्या काळात कोणत्या नोंदी झाल्या, हे सगळे मशीनवर पाहिले जाते आणि ‘सगळं छान आहे’ असे सांगून आम्हाला निरोप मिळतो. मात्र झोप लागते का, भीती वाटते का, एकटे बाहेर पडता का, हे त्यांना कधी कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मला तर कुणी काहीच विचारलेले नाही.

पहिला शॉक बसला तेव्हा ते खुर्चीत बसून वाचत होते. छातीवर घोड्याने लाथ मारावी तसे वाटले, असे ते सांगतात. शॉकने आपले काम केले, डॉक्टरांनीही सेटिंग तपासून घरी पाठवले. पण पुढे कित्येक दिवस ते त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. मग जिना टाळू लागले, अंघोळीला जाताना दाराला कडी लावेनात. नातवाला उचलून घेणे थांबले, कारण शॉक बसला तर तो पोरालाही लागेल, ही धास्ती. त्या क्षणी हात लावणाऱ्याला फार तर किंचित झिणझिण्या जाणवतात, इजा होत नाही. एवढे एक वाक्य घरी सोडताना कुणी सांगितले असते, तर एक लहान मूल आजोबांच्या मांडीपासून इतके दिवस दूर राहिले नसते. पती-पत्नीतल्या जवळिकीचेही तसेच. घाबरून दोघेही मागे सरकतात, आणि विचारायचे कुणाला, या संकोचात तो विषय कायमचा बंद होतो.

यात आमचे घर वेगळे नाही. आयसीडी असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला लक्षणीय चिंता किंवा नैराश्य असते, असे अभ्यास सांगतात. ज्यांना वारंवार शॉक बसतात त्यांच्यात हा त्रास जास्त आढळतो. काहींना झोपेत शॉक बसल्याचा स्पष्ट भास होतो आणि मशीनमध्ये नोंद काहीच नसते. अशा माणसाला ‘काही झालेलं नाही’ एवढेच ऐकवून परत पाठवणे मला क्रूर वाटते. नोंद नसली तरी तो दचकून जागा झालेला असतो, आणि पुढची रात्र तो छताकडे बघत काढतो.

यावर उपाय आहेत, हेच मला कळकळीने सांगायचे आहे. मुळात गरज नसलेले शॉक कमी करता येतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात यंत्राने शॉकची घाई करू नये असे प्रोग्रामिंग केले, तेव्हा अनावश्यक शॉक घटले आणि मृत्यूही कमी झाले. तेव्हा ‘आमच्या मशीनचे सेटिंग कसे आहे?’ हे विचारायला रुग्णाने लाजू नये. दुसरे म्हणजे, शॉक बसल्यावर काय करायचे हे घरात आधीच ठरलेले असावे. एकच शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल, तर दवाखान्याला फोन करून कळवायचे. लागोपाठ शॉक बसले, किंवा एका शॉकनंतरही छातीत दुखणे, धाप, चक्कर असे काही असेल, तर रुग्णवाहिका बोलवायची. आम्ही हे कागदावर लिहून फोनजवळ लावले आणि माझी स्वतःची झोप सुधारली. समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वागणुकीवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा, या रुग्णांना उपयोग होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम सुरू केला की शरीरावरचा विश्वासही हळूहळू परत येतो. यजमानांचे चालणे तसेच सुरू झाले, आधी मला बरोबर घेऊन, मग एकट्याने.

एक अवघड विषयही मांडते. आजार शेवटच्या टप्प्यात पोचला की शॉकची सोय बंद करता येते. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, बाहेरून प्रोग्रामिंग बदलले की पुरते. त्याने माणूस तत्काळ जात नाही, आणि मंद ठोक्यांना आधार देणारे पेसिंगचे काम चालू ठेवता येते. हे माहीत नसल्यामुळे शेवटच्या घटकांतही शॉक सोसावे लागतात. हे बोलणे रुग्ण शुद्धीत, शांत असताना, त्याच्या इच्छेने व्हायला हवे. आम्ही दोघे ते बोललो. जड गेले, पण त्यानंतर घरातला एक अबोला संपला.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच आयसीडी असलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना माहिती व मानसिक आधार देण्याविषयी सविस्तर निवेदन काढले आहे. म्हणजे वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे, ते तपासणीच्या खोलीपर्यंत यायचे आहे. हृदयरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे की मशीनचे वाचन झाल्यावर दोन मिनिटे खुर्ची रुग्णाकडे वळवा, सोबत आलेल्यालाही आत बोलवा आणि ‘मनाने कसे आहात?’ असे विचारा. आणि आपल्याला विनंती अशी की याच पुरवणीत एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून या विषयावर लिहून घ्यावे, आणि त्याला पहिल्या लेखाइतकीच जागा द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक