मूल सांगतं, तेव्हा

संपादक महोदय,

चांगला-वाईट स्पर्श हल्ली बालवाडीपासून शिकवतात, ते योग्यच. घोडं अडतं ते पुढे, मूल घरी येऊन सांगतं तेव्हा. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, त्यामुळे "काका तसे नाहीत" हे पटकन तोंडातून निघतं आणि मूल गप्प होतं.

मुलं सगळं एका दमात सांगत नाहीत. आधी "मला क्लासला जायचं नाही" एवढंच. मग आपला चेहरा बघून पुढचं. हातातलं काम बाजूला ठेवून शेजारी बसा आणि "मग काय झालं?" इतकंच विचारा. "त्याने इथे हात लावला का?" असं उत्तर तोंडात घालू नका; मुलाला पढवलंय असं म्हणायला पुढे बचाव पक्षाला आयतं निमित्त मिळतं. आजी, मावशी, शेजारीण अशा प्रत्येकीसमोर तेच पुन्हा वदवून घेणं तर टाळाच. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवायची सोय नाही.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते आणि पुरावा जातो. आंघोळ झाली असली तरी रुग्णालयात जाच. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. तातडीचे उपचार मोफत असतात, खासगी रुग्णालयातही, आणि त्यासाठी आधी एफआयआर मागता येत नाही.

पोलीस ठाण्याच्या धास्तीने बरेच पालक मागे फिरतात. खरं तर मुलाचा जबाब घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, पालकांसमोर घ्यायचा असतो. मुलग्यांनाही हेच लागू आहे ("मुलग्याला काय होतंय" म्हणणारे आजही कमी नाहीत). काय करावं सुचत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि चार दिवसांनी मूल "मी खोटं बोललो" म्हणालं, तर त्या चार दिवसांत त्याच्याशी कोण कोण बोललं, ते आधी बघा.

– एक बालसमुपदेशक