विक्रांत-विराटचा तुकडा त्यांच्या माणसांच्या घरी पोहोचवूया

गावकरी, मुंबईकर चाकरमानी आणि माजी नौसैनिक मंडळींना नमस्कार.

नौदलाची निवृत्त विमानवाहू युद्धनौका 'विराट' आपल्याकडे येणार होती. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात तिचे संग्रहालय उभारण्याच्या 852 कोटींच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा आपल्या किनाऱ्याने केवढी आस धरली होती! ते झाले नाही. सप्टेंबर 2020 मध्ये तिला मुंबईहून ओढत गुजरातमध्ये जहाजे तोडतात त्या अलंगला नेले, तिथेच ती तोडली गेली. तिच्याआधीची विमानवाहू नौका 'विक्रांत' तर त्याआधीच मुंबईत जहाजे तोडतात त्या दारूखान्यात गॅसकटरखाली गेली होती. 1971 च्या भारत-पाक युद्धात बॉयलरला तडा गेलेला असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले चढवले.

विक्रांतच्या पोलादाचे पुढे चीज झाले. मुंबईत लायन गेटसमोर त्याचे स्मारक आहे, बजाजने 2016 मध्ये त्यातून 'व्ही' मोटारसायकल काढली. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण बॉयलररूमच्या उकाड्यात राबलेला स्टोकर, हजारावर माणसांचे जेवण रांधणारा कूक, गोदीत तिची डागडुजी करणारा फिटर यांच्या घरी काय आहे? बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा एक फोटो, तोही दमट हवेने डागाळलेला. यातले कितीतरी जण आपल्या वाड्यांतलेच.

म्हणून आमच्या मंडळाने ठरवले आहे की तालुक्यातून या दोन्ही जहाजांवर किंवा त्यांच्या दुरुस्तीवर काम केलेल्या प्रत्येकाच्या घरी त्या जहाजाच्या धातूचे स्मृतिचिन्ह द्यायचे. पोलादाचा छोटा तुकडा पॉलिश करून त्यावर जहाजाचे नाव, त्या व्यक्तीचे नाव आणि सेवेची वर्षे कोरायची. पितळ मिळाले तर ओतारी नांगराचे पदक ओतून देतील. 4 डिसेंबरला, नौदल दिनी, ती घरोघरी जाऊन द्यायची. यातले एकही विकले जाणार नाही.

त्यासाठी सगळ्यात आधी धातू हवा. दारूखान्यात किंवा अलंगला तोडकामावर असलेल्यांनी, भंगार व्यापाऱ्यांनी एखादा तुकडा जपून ठेवला असेल तर द्यावा. खरेदीची पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, फोटो, काहीतरी पुरावा सोबत हवाच. विक्रांतच्या नावाने भलतेच लोखंड कुणा विधवेच्या हातात ठेवणे आम्हाला मान्य नाही. घंटा, नावपट्टी, पोर्टहोल अशी अख्खी वस्तू असेल तर ती वितळवणार नाही, जशीच्या तशी जपू. एक कळकळीची विनंती, जुना रंग किंवा तंतुमय आवरण असलेला तुकडा घरी घासू-कापू नका. रंगात शिसे आणि आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

नावेही हवीत. आजोबा 'शिपवर होते' एवढेच ठाऊक असले तरी सांगा. सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद काढून शोध घ्यायला आम्ही मदत करू.

आणि पैसे. कोरीव काम, ओतकाम आणि धातू आणण्याचे भाडे यांचा खर्च आहे. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल.

नावे आणि धातू गणपतीपर्यंत आमच्याकडे यावेत, म्हणजे कोरायला वेळ मिळेल. चाकरमान्यांनी सणाला येताना कागदपत्रांच्या झेरॉक्स सोबत आणाव्यात. मंडळाचे सदस्य रोज संध्याकाळी ग्रामपंचायत कार्यालयात भेटतील.