साठ गोळ्या

इंदूर,
सोमवार, रात्रीचे सव्वादहा

चि. बाळास,
आईचा सलाम आणि आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिणार होते. पण माझं मोठं तू वाचत नाहीस. दोन निळ्या खुणा येतात, मागोमाग एक अंगठा. म्हणून कागद घेतला. पप्पांच्या खणातलं पान आहे, मागे त्यांच्या सहामाहीच्या पेपरचे प्रश्न आहेत. ते वाचू नकोस. किंवा वाच, तुला त्यांचं अक्षर आवडायचं.

काकूंच्या दारात जे झालं त्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय. हाराबद्दलही नाही. एकच विचारायचं आहे. तुझी गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली पुडकं निघालं. सहा स्ट्रिप, वर रबरबँड, आत पुण्याच्या दुकानाचं जूनमधलं बिल, तुझ्या फिटच्या गोळ्यांचं. साठ गोळ्या. मी दोनदा मोजल्या. एकही खळगा फुटलेला नाही.

विसरून राहिल्या असतील तर तसं सांग. पण विसरलेली वस्तू कुणी गादीखाली नीट रबर लावून ठेवत नाही.

त्या रात्री जेवताना तू बायबलमधल्या आसा राजाचं सांगत होतास, ते मला आता उलगडलं. मला वाटलं आजीला टोमणा आहे, कारण आसाने आपल्या आजीची मूर्ती तोडून जाळली आणि तिला राजमातेच्या पदावरून काढलं. आपल्या आजीलाही तसंच वाटलं, ती ताटावरून उठली ते तू पाहिलंस. पण तुझा रोख पुढच्या अध्यायावर होता. म्हातारपणी आसाचे पाय दुखायला लागले तेव्हा तो परमेश्वराकडे गेला नाही, वैद्यांकडे गेला. तुमच्या फेलोशिपमध्ये, त्या प्रार्थनेच्या गटात, हे शिकवतात ना? की गोळी हीदेखील मूर्तीच?

बाळा, मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली. शास्त्र मला तुझ्याइतकं पाठ नाही. पण केस पेपर अर्धा वाचून औषध द्यायचं नसतं एवढं कळतं. तोच अध्याय वरून वाच. आसाने मंदिराच्या भांडारातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या राजाला पाठवलं, त्याची फौज विकत घेतली. द्रष्टा समजवायला आला तर त्याला कैदेत टाकलं. वैद्य त्या यादीत शेवटी येतात. देवाला सोडून सगळीकडे हात पसरायची सवय लागलेला तो माणूस, पाय दुखल्यावर आणखी काय करणार होता? वैद्यांना कुणी पाप म्हटलेलं नाही तिथे.

आणि मूर्ती फोडणाऱ्या राजांचं तुला एवढं कौतुक, तर हिज्कीयाचं बघ. पप्पांचा आवडता राजा. रानात साप चावून लोक मरत होते तेव्हा देवानेच मोशेला पितळी साप करून खांबावर लावायला सांगितला. त्याच्याकडे पाहील तो जगेल. औषधच म्हण. पुढे कित्येक शतकं तो जपून ठेवला आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले. हिज्कीयाने तो फोडून टाकला, ‘नहुश्तान’ म्हणजे नुसता पितळेचा तुकडा. हा भाग तुम्ही शिकला असालच. दोन अध्याय पुढे हाच हिज्कीया मरणाला टेकतो. भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. देव यशया संदेष्ट्याकरवी सांगतो, तुझे अश्रू पाहिले, आणखी पंधरा वर्षं देतो. आणि मग यशया काय म्हणतो? अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो.

देवाने शब्द दिला होता, तरी ढेप बांधली! आणि बांधून घेणारा कोण, तर मोशेच्या हातचा साप फोडणारा. त्या ढेपेला धूप घाला असं कुणी म्हटलं नाही, आणि ती फेकून द्या असंही नाही.

बघ, सुरू झाले. तू म्हणतोस ते खरं आहे, मला प्रश्न विचारता येत नाही, मी पाठच घेते. माफ कर. पण घेत नसलास तर कधीपासून, तेवढं कळव. तारीख लागेल डॉक्टरांना.

पप्पा असते तर त्यांनी हे हसतखेळत सांगितलं असतं. त्यांची ती निळी वही आठवते? ‘मूर्ती’ असं वर लिहून खाली काय काय उतरवलंय. लाकूडतोड्याचा उतारा त्यात आहे, यशया 44. माणूस झाड तोडतो, अर्ध्याची शेगडी पेटवून भाकरी भाजतो, मांस भाजतो, वाः, ऊब आली म्हणतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. पप्पा हे वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, हसण्याआधी आपल्या अर्ध्या लाकडाचं आपण काय केलंय ते बघा. धर्मसुधारक कॅल्व्हिनचंही एक वाक्य आहे, की माणसाचं मन म्हणजे मूर्तींचा कायम चालणारा कारखाना. त्यावर आजोबा, मिलमध्ये आयुष्य गेलेले, म्हणाले होते, मग तिथे तिन्ही पाळ्या भरत असतील, टाळेबंदी नसेल.

सन 787 लाही त्यांनी दोन रेघा मारल्यात. चित्रांवरून ख्रिस्ती लोक शंभरावर वर्षं भांडले, सम्राटांनी फोडली, साधूंनी लपवली. त्या भांडणातच मध्ये नायसियाच्या परिषदेत ठरलं की आराधना एकट्या देवाची, चित्राला द्यायचा तो मान, आणि तो मान चित्रातल्या माणसाकडे पोचतो. समासात पेन्सिलीने, ‘आपल्याकडे पटत नाही, तरी विचार करण्याजोगं.’ त्यांच्या स्वतःच्या फोटोला चंदनाचा हार पडेल आणि तो मुलगा काढेल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

हार आजीने घातला होता. तिचा मुलगा आहे तो. तू येण्याआधी मीच तिला दोनदा म्हटलं होतं, आई, कशाला, आपल्यात नाही घालत. म्हणजे मी काही तुझ्या विरुद्ध पार्टीची नाही. पण खुर्चीवर चढून, ती बघत असताना? बरं, लिहायचं नाही म्हटलं होतं.

मोदकांचंही तेच. तू खाल्ले नाहीस याचं मला काही नाही. आजीने साठ वर्षांत प्रसाद खाल्लेला नाही. पण ती दोन्ही हातांनी थाळी घ्यायची, काकूंच्या सासूशी घटकाभर बोलायची, आणि नाताळात त्याच थाळीत करंज्या नि केक घालून परत द्यायची. त्याही आपल्या करंज्या कुणाला देत, देव जाणे, पण थाळी कधी रिकामी फिरली नाही. प्रेषित पौल म्हणतो मूर्ती काहीच नाही. आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर खाऊ नका, हेही म्हणतो, त्या सांगणाऱ्यासाठी म्हणून. तू खाल्लं नाहीस ते पौलाला धरून झालं. ‘सैतानाचा नैवेद्य’ हे दारात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, हे कुठल्या पत्रात आहे? काकू काही बोलल्या नाहीत. पदराने थाळी पुसायला लागल्या, ती कोरडीच होती.

तू त्या काकूंना म्हणालास, म्हणून मला जास्त लागलं. तुला ती रात्र नीट आठवत नसेल, तू नऊ वर्षांचा होतास. अनंत चतुर्दशी, मिलवाल्यांच्या झांक्या निघालेल्या. आपण आणि काका-काकू एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर. तुझ्या हातात भुट्टा होता. हनुमानाची झांकी आली, वरचे दिवे लाल-हिरवे उघडझाप करत होते, आणि तुझ्या हातून भुट्टा पडला. मी वाकून तो उचलायला गेले. मी, नर्स, भुट्टा उचलत होते. वर बघते तर तू ताठ.

चार मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, हात आपोआप करतो. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी जोडा हुंगवायला काढला. एक बाई म्हणाली, ‘माताजी आयी हैं’, आणि खाली बसून तिने तुझ्या पायांना हात लावला. तुझे पाय झटके देत होते आणि ती डोकं टेकवत होती. तिच्या मागे दुसरी. पप्पा ओरडले नाहीत, त्यांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं आणि म्हणाले, ‘बहनजी, बच्चा है। बीमार है।’ मी तुला कुशीवर वळवलं. काकांनी त्या गर्दीतून तुला उचलून पळत नेलं, त्यांचा शर्ट तुझ्या लाळेने ओला झाला होता. काकू माझ्या चपला हातात घेऊन मागून धावत होत्या, कारण मी अनवाणी निघाले होते.

त्या रात्री त्या बायांना तू देव वाटलास. आता तुमच्या फेलोशिपमधल्या भावांना तुझ्यात दुष्टात्मा दिसतो. फिट आली, एवढं साधं कुणीच का म्हणत नाही रे?

ते मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलाचं वाचतात, मला माहीत आहे. मीही वाचते, तुझ्या आधीपासून. विस्तवात पडणारा, पाण्यात पडणारा. मत्तयाच्या मराठीत त्याला फेफरेकरीच म्हटलंय. पण येशू पहिल्यांदा काय करतो ते बघ. मुलगा समोर लोळतोय, तोंडाला फेस आहे, आणि तो बापाला विचारतो, किती दिवसांपासून असं होतं? हिस्ट्री घेतो! बाप सांगतो, लहानपणापासून. कॅज्युअल्टीत मी हजारदा विचारलेला प्रश्न आहे हा. आणि तो बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. देव त्याला असं म्हणत नाही की आधी पुरता विश्वास आण, मग बघू. शेवटी शिष्यांना सांगितलेली ती ‘प्रार्थना आणि उपवास’ ची ओळ तुम्ही धरून बसलात, तर काही फार जुन्या हस्तलिखितांत तिथे ‘उपवास’ हा शब्दच नाही. पप्पांच्या बायबलमध्ये खाली टीप आहे. तुझ्यासारख्याने जेवण चुकवून, झोप मोडून रात्रीची जागरणं करायची, वर गोळी बंद, हे ऐकूनच माझ्या हाताला कापरं येतं. आणि बाइकवरून कामावर जातोस.

मी तुझ्या विश्वासावर शंका घेत नाही. खरं सांगू, मला अभिमान वाटतो. तुझ्या वयाचे किती जण पहाटे उठून शास्त्र उघडतात? आजीसुद्धा रागात म्हणाली, नातू प्रार्थना छान करतो. येशूने शोमरोनी बाईला सांगितलं की हा डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही, आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करा, ते तू त्या रात्री वाचलंस तेव्हा मला पप्पाच वाचताहेत असं वाटलं. पण खरेपणाने म्हणजे खरं सांगूनही ना. गादीखाली ठेवून नाही.

मला जे वाटतं ते नीट मांडता येत नाहीये. सोन्याचं वासरू करणाऱ्यांनी परमेश्वराला टाकलं नव्हतं, मोशेचा भाऊ अहरोन म्हणाला उद्या परमेश्वराचा सण. त्यांना देव हवाच होता, फक्त आपल्याला दिसेल असा, आपण म्हणू तेव्हा पुढे चालेल असा. आणि मी गोळी टाकली आहे, आता तू मला सांभाळलंच पाहिजेस, असं म्हणणं त्याहून किती वेगळं आहे? सैतानानेही येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन हेच म्हटलं होतं, उडी टाक, दूत झेलतील, वचन आहे. ते वचन खरंच होतं. तरी उडी टाकली नाही.

परत लेक्चर. तुला राग येईल. आणि तू मला उलट विचारू शकतोस की आई, तुझी मूर्ती कोणती? विचार. सोळा वर्षं रात्री नऊ वाजले की मी आधी तुझी गोळी आठवते, मग प्रार्थना. ताईने हे एकदा मला तोंडावर सांगितलंय, माझ्या परीक्षेच्या तारखा कधी लक्षात ठेवल्यास का म्हणून. तिचंही खरं आहे. अब्राहामाने मुलगा डोंगरावर नेला ते मला आजपर्यंत वाचवत नाही, पान उलटते. तेव्हा मी काही स्वच्छ हातांनी लिहीत नाहीये.

अकरा वर्षं झाली शेवटच्या फिटला. अकरा वर्षं नाही म्हणजे बरा झालास, असं तुझ्या फेलोशिपवाल्यांनी सांगितलं असेल. असेलही. बंद करायचीच असेल तर डॉक्टर तपासून, महिनोन्महिने कमी करत आणतात. एकदम सोडली तर फिट लागोपाठ येऊ शकतात, एक थांबायच्या आत दुसरी. मी असा पेशंट पाहिलाय. कोण ते लिहीत नाही. डॉक्टरांकडे जाऊन ये, तुझ्या त्या लीडर भावाला सोबत ने हवं तर, त्यालाही विचारू दे. मी येऊ का पुण्याला? आजीला ताईकडे ठेवता येईल. नको असेल तर नाही येत. लगेच स्वतःहून परत दोन-दोन सुरू करू नकोस, आधी विचार, किती दिवस बंद होती त्यावर असतं. पण आजच विचार, फोनवर. आणि तोवर बाइक काढू नकोस.

साठ गोळ्या मी पुडक्यात तशाच ठेवल्यात, कुरियरने पाठवते. सोबत सेव आहे. भुट्ट्याचा कीस केला होता, टिकत नाही. हार कपाटात ठेवलाय, फोटोवर परत घातला नाही. आजी काही बोलली नाही, फक्त खिळ्याकडे बघते.

मी रोज रात्री नऊला मिस्ड कॉल देईन. उचलू नकोस, बोलायला लावणार नाही. कट कर फक्त. म्हणजे मला कळेल.

तुझी,
आई

ता. क. काकूंची थाळी आपल्याकडेच राहिली आहे. नाताळला अजून तीन महिने आहेत, एवढे दिवस ठेवून घेणं बरं दिसत नाही. मी काहीतरी घालून देऊन येते म्हटलं, तर आजी म्हणते तू नको, तो आला की तोच देईल. तू कधी येतोस?